गॅस्ट्रोच्या दिवसांत मंजुळा

दिंडोशीच्या टेकडीखालच्या वस्तीत त्या पावसाळ्यात पाणी शिरलं आणि ओसरताना नळात घाण सोडून गेलं. घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. पेपरवाले गॅस्ट्रो म्हणत, म्हातारी माणसं पटकी. मासळीनेच रोग येतो असं कुणीतरी उठवलं, आणि वेसाव्याहून सुके बोंबील विकायला येणाऱ्या मंजुळाला पाहून बायका दारं लावून घेऊ लागल्या.

भरली टोपली घेऊन ती परत निघाली होती, तेवढ्यात तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक सुंदराबाईंनी दारातून हाक मारली. “मंजुळे, लताला बघ गं, कशी करतेय!”

लता त्यांची सून, सातवा महिना लागलेली. डोळे खोल गेले होते, ओठ चिकटले होते. नवरा रतन बसवर कंडक्टर, तो पाण्यामुळे डेपोतच अडकलेला. रिक्षा मिळाली, पण उलटी पाहून रिक्षावाला पळाला.

मंजुळाने टोपली दारातच टाकली आणि नाक्यावरच्या केळेवाल्याची हातगाडी ओढून आणली.

“मावशी, साखर-मिठाचा पानी घ्या. चमच्यानं पाजत चला. गाडी मी ढकलतंय.”

चिखलातून जाताना लता पुटपुटली, “ताई, बाळ हलत नाय.”

“निजलाय गो तो,” मंजुळा म्हणाली. तिने गाडी आणखी जोरात ढकलली.

हॉस्पिटलात खाटा संपल्या होत्या. लताला जमिनीवर सतरंजी मिळाली. सलाईनला स्टँड नव्हता, तेव्हा नर्सने बाटली मंजुळाच्या हातात दिली. “वर धरा. तुम्ही कोण हिच्या?”

मंजुळाने बाटली डोक्यावर उंच धरली.

“बहीण आहे,” सुंदराबाई म्हणाल्या.

एक हात भरून आला की मंजुळा दुसऱ्या हातात बाटली घ्यायची. दिवेलागणीला रतन चिंब भिजून आला. लताने त्याचा हात ओढून पोटावर ठेवला. आत ढुशी बसली तसा तो हुंदके देऊ लागला.

“रडतंस काय? बाटली धर,” मंजुळा म्हणाली आणि भिंतीला टेकून तिने डोळे पुसले.

त्या आठवड्यात वस्तीतला धोंडिराम शिंपी गेला, त्याची धाकटी मुलगीही गेली. लता मात्र उठून बसली. मंजुळा तिच्यासाठी वेसाव्याहून पेज घेऊन आली, आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत बसली.