सव्वादोन इंचांचा घाट

राणोजीरावांना मुलगा झाला, ते १९८१ साल. बारशाच्या आदल्या दिवशी त्यांनी सुताराकडून मला करवून घेतले. मित्रांनो, मी तीच जुनी सागवानी पट्टी आहे. मला करवतीने फाडले, रंध्याने सोलले, आणि कडेला पितळेची पात खिळ्यांनी ठोकली. मी आणि तो मुलगा, व्यंकटेश, एकाच वयाचे.

राणोजीराव रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. शहरातल्या वेस्ट मांबलम भागातल्या आमच्या घरातून कोणी प्रवासाला निघाले की ते जमिनीवर जुना नकाशा पसरत आणि दोन गावांमध्ये मला ठेवत. इंचाला चार मैल. किती वेळ लागेल तेही तेच सांगत. घरात त्यांना अप्पा म्हणत. "अप्पांची पट्टी चुकत नाही," असे सारे म्हणत, आणि मी फुगून जाई. मला दुसरेही काम होते. पाढे चुकले की मी व्यंकटेशाच्या बोटांवर बसे. माझ्या पितळेने त्याचे कातडे दोनदा फाटले आहे.

मोठा होऊन तो बँकेत लागला आणि डोंगरातल्या कुरुंजीपट्टीला गेला. त्याची मुलगी हरिणी शाळेसाठी आमच्याकडे राहिली. आजोबांना ती तात्ता म्हणे.

त्या सोमवारी सकाळी साडेसातला सुनेचा, हेमावतीचा, फोन आला. ती किंचाळत होती.

"मामंजी, गव्याने ह्यांचं पोट फाडलंय! हाताने दाबून धरलंय मी. बँकेची जीप आहे, पण ड्रायव्हर परगावचा, आम्हीही इथे नवीन. दवाखाना कुठला जवळ? पुंगाडू की खालचं वेल्लापाडी?"

राणोजीरावांनी नकाशा पसरला. पुंगाडू सव्वादोन इंच. वेल्लापाडी चार इंच.

"पुंगाडू! नऊ मैल. वीस मिनिटांत पोचाल."

"तात्ता, थांबा!" हरिणी मोबाइल पुढे करून ओरडली. "मध्ये डोंगर आहे. रस्ता सगळा वळसा घालून जातो, अडीच तास दाखवतोय. वेल्लापाडी पाऊण तासावर आहे!"

"अय्यो! पस्तीस वर्षं रूळ आखले मी. तुझं खेळणं मला शिकवणार?"

"रूळ बोगद्यातून जातात, तात्ता. जीप कुठून जाणार?"

त्यांनी मला उचलले आणि तिच्या मनगटावर हाणले. हाड वाजले ते मी ऐकले. मोबाइल भिंतीवर आपटून फुटला.

"पुंगाडू!" ते फोनात गरजले. सासऱ्यांचा शब्द त्या घरात कोणी मोडत नसे.

आठ वाजता हेमावती म्हणाली, "अजून वळणंच आहेत, मामंजी." नऊ वाजता म्हणाली, "सीटखाली रक्त साचलंय." त्यानंतर फोनमधून नुसता तिचा आक्रोश आला.

राणोजीरावांनी आपला उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि डाव्या हाताने मला त्यावर हाणले. पुन्हा, पुन्हा, बोटे फुटेपर्यंत. शेवटच्या घावाला मी मधोमध मोडले. हरिणीने सुजलेल्या हाताने माझे तुकडे त्यांच्या मुठीतून सोडवून घेतले. तिच्या दप्तरात मी अजून आहे.

मित्रांनो, मी खोटे बोलले नाही. पुंगाडू सव्वादोन इंचांवरच आहे. पण मला पाखराची वाट कळते, जीपची नाही. मला जपले नाही तरी चालेल. पण माझ्या भरवशावर कोणाला मारून गप्प बसवू नका. ज्याला रस्ता दिसतो आहे त्याचे ऐका, मग तो घरात सर्वांत लहान असला तरी.

व्यंकटेश घाटातच वारला. वीस फेब्रुवारी २०२३, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी.