दाराबाहेरचा खर्ज

मी एक जुना पत्र्याचा टब आहे. कडेने गंजलेला, तळाला भोक असलेला आणि आता कायमचा पालथा. मिसिसिपीत लोकस्ट रिज नावाचे एवढेसे गाव आहे. तिथल्या चर्चमागे जिथे माणसे पुरतात, तिथे माझा मुक्काम आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटते, भंगार टाकायला या लोकांना बरी जागा सापडली! पण मित्रांनो, मला इथे कुणी टाकलेले नाही. मला इथे ठेवलेले आहे.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो भाऊ रोज तयार व्हायचे. पत्रा वाकवायचा, सांधे ठोकायचे, वरून जस्त चढवायचे, की झाला टब. मला ओझेला पेटवे या बाईंनी विकत घेतले. गोऱ्यांच्या घरचे कपडे धुऊन त्या पोट भरायच्या. त्यांच्या अंगणात चूल पेटायची, माझ्यात कढत पाणी पडायचे आणि मग दिवसभर चादरींची आणि माझी झटापट चालायची. ओझेलाबाईंना दोन मुले. थोरली व्हर्डेल आणि धाकटा लिअँडर. व्हर्डेलचे हात आईसारखेच साबणाने सोललेले असायचे. लिअँडरचे हात मात्र गिटारवरून हलायचे नाहीत.

एका हिवाळ्यात माझा कडेचा सांधा गळू लागला. ओझेलाबाई म्हणाल्या, "झालं याचं. कोंबड्यांना दाणे टाकायला घ्या."

पण व्हर्डेलच्या डोक्यात वेगळेच होते. तिने मला पालथे घातले. तळाच्या मधोमध खिळ्याने भोक पाडले, त्यातून कपडे वाळत घालायची दोरी ओवली, आतून गाठ मारली आणि दोरीचे वरचे टोक झाडूच्या दांड्याला बांधले. दांडा माझ्या कडेवर टेकवून, एक पाय माझ्यावर रोवून तिने दोरी छेडली. माझ्या पोटातून असा काही खर्ज निघाला की मीच दचकलो. दांडा मागे ओढला की सूर चढायचा, सैल सोडला की उतरायचा.

"आई, टब बोलायला लागला बघ!"

"बोलू दे की. पण माझा झाडू कुठं गेला, ते विचार त्याला."

आमचा बँड असा सुरू झाला. लिअँडर बाटलीची तोडलेली मान बोटात घालून गिटारच्या तारांवरून घसरवायचा आणि गायचा. शेजारच्या शेतावरचा टोब माउथ ऑर्गन वाजवायचा. व्हर्डेल आणि मी त्यांच्या पाठीशी असायचो. गावाने आम्हाला 'लोकस्ट रिज टब बँड' असे नाव दिले. नावात मी होतो, याचा मला गर्व होता. आजही थोडा आहे.

लिअँडरचे गाणे फार अवघड होते. तो मात्रा मोजायचाच नाही. एखाद्या शब्दावर जीव जडला, तर तो त्याच सुरावर रेंगाळायचा. नाचणारे थबकले तरी त्याला पर्वा नसायची. कधी मन उतावीळ झाले, तर ओळ संपायच्या आत पुढच्या सुरावर उडी घ्यायचा. आमच्याकडचे जुने गाणारे असेच गातात.

टोब वैतागायचा. "अरे, वळायच्या आधी जरा सांगत जा रे बाबा! मी दर वेळी खड्ड्यात."

"मला तरी कुठं माहीत असतं? ताईला विचार."

ताईला खरेच माहीत असायचे. सूर बदलण्याआधी लिअँडरचा डावा खांदा केसभर खाली यायचा. व्हर्डेल फक्त तेवढे बघायची. त्याचा आवाज वळायचा तेव्हा आमचा खर्ज आधीच तिथे पोहोचलेला असायचा. लोकांना वाटायचे, दोघे एकाच जिवाचे आहेत. उन्हाळी पिकनिकला बोकड भाजला जायचा, मासे तळले जायचे आणि आमच्यापुढे इतके पाय नाचायचे की धुळीत माणसे दिसेनाशी व्हायची. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेच.

मग मेम्फिसहून बोलावणे आले. रेकॉर्ड काढणारे हॅस्केट नावाचे साहेब एका हॉटेलात उतरले होते. त्यांनी खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या होत्या. मधोमध एक यंत्र होते. त्यावर मेणाची जाड तबकडी फिरायची आणि सुई त्या मेणात गाणे कोरायची. आम्ही वाजवायला लागलो. व्हर्डेलने दोरी ओढली, माझा आवाज घुमला आणि सुई उडाली. दुसऱ्यांदाही तेच झाले. साहेबांनी मला कोपऱ्यात सरकवून पाहिले, माझ्याखाली रजई घालून पाहिली. माझा खर्ज काही त्या मेणाला सोसेना.

हॅस्केट साहेब वाईट नव्हते. घाम पुसत ते म्हणाले, "नाइलाज आहे. टब बाहेर ठेवावा लागेल."

लिअँडर ताईकडे बघत राहिला. शेवटी तीच म्हणाली, "तू गा रे. मी बाहेर बसते."

बाहेर लांब बोळात एक बाक होता. व्हर्डेल मला पुढ्यात घेऊन तिथे बसली. दार अजून उघडे होते आणि ती त्या दाराकडे टक लावून बघत होती. लिअँडरने एकदाच म्हणावे, "तिला आत येऊ द्या," एवढीच तिची आस होती. साहेब काही ऐकणार नव्हते, हे तिलाही कळत होते. तरी भावाने म्हणावे, असे तिला वाटत होते. दार लागले. टोबने मागून सांगितले, आत साहेब बोट वर करून खुणावत होते, "आता बदल. आता बदल." तबकडीवर जागा थोडी, म्हणून गाणे मोजूनमापून बसवायचे होते. लिअँडर मोजून गायला. व्हर्डेलने दोरीला हात लावला नाही.

रेकॉर्ड आली तेव्हा तिच्यावर छापले होते, 'लिअँडर पेटवे आणि मंडळी'. ती खपलीही. मग पिकनिकला लोक सांगू लागले, "रेकॉर्डसारखं वाजवा." रेकॉर्डमध्ये तर मी नव्हतोच. व्हर्डेल माझ्यावर पाय ठेवून उभी राहायची, पण लिअँडर ठरल्या जागी वळायचा. तिने वाट पाहावी असे काही उरले नव्हते. पुढे तो आणि टोब शिकागोला गेले. टोब फुप्फुसे बिघडवून परत आला. लिअँडर आला नाही.

ओझेलाबाई गेल्या. व्हर्डेल लोकांचे कपडे धूत राहिली, पण मला तिने भंगारात दिले नाही. मागच्या पडवीत मी पडून होतो. एक कोंबडी माझ्याखाली अंडी घालायची. पावसाने कडा गंजल्या. कधीतरी भांडी घासताना व्हर्डेल गुणगुणायची आणि मध्येच थांबायची. मला फार वाईट वाटायचे, पण माझी दोरी केव्हाच कुजली होती.

खूप वर्षांनी लिअँडर आला. केस पिकलेले, अंगावर शहरी कोट. जुनी रेकॉर्ड ऐकून वेडी झालेली काही मंडळी त्याला एका मोठ्या जलशात बोलावत होती, तेही सगळा बँड घेऊन.

"ताई, चलशील ना?"

"आधी त्या कोंबडीला विचार," ती म्हणाली. पण हसली. तिने मला घासले, नवी दोरी ओवली, टोबलाही निरोप धाडला. टोब धापा टाकत आला आणि म्हणाला, "फुंकायला दम नाही, पण खड्ड्यात पडायला येतो."

पडवीत तिघे बसले. लिअँडर गाऊ लागला. व्हर्डेल त्याच्या खांद्याकडे बघत होती. खांदा हललाच नाही. सूर घड्याळासारखे आपापल्या वेळेला बदलत गेले आणि तिचा हात दर वेळी मागे राहिला. अर्ध्या गाण्यात तिने दोरी सोडली.

"तू मोजतोयस रे."

"हो गं. तिकडं माझ्या पाठोपाठ कुणाला येताच यायचं नाही. मोजलं नाही की सगळे पडायचे. आता थांबवू म्हटलं तरी थांबत नाही."

"मग मी कशाला हवी? घड्याळ ने."

त्याने गिटार बाजूला ठेवली. मेम्फिसचे नाव त्या दिवशीही त्याने काढले नाही. व्हर्डेलने उठताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सावकाश जमेल," ती म्हणाली. पण थंडीत तिला न्यूमोनिया झाला आणि जलसा व्हायच्या आतच ती गेली.

आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या हातातली वस्तू त्याच्या मातीवर ठेवतात. ती आधी फोडतात किंवा तिला भोक पाडतात, म्हणजे घरातले दुसरे कुणी त्याच्यामागे जात नाही. बायकांनी मला उचलून आणले. एक म्हणाली, "याला तर आधीपासूनच भोक आहे." दांडा आणि दोरी घरीच राहिली.

लिअँडर गिटार न घेता उभा राहिला आणि आईचे एक देवाचे गाणे म्हणू लागला. चर्चच्या बायका त्याच्या सुरात सूर मिसळत होत्या. एका शब्दावर तो थांबला आणि थांबूनच राहिला. बायका पुढे गेल्या, अडखळल्या, मागे आल्या. तो मोजत नव्हता. आवाज चिरकला तरी त्याने सूर सोडला नाही. बायका पुन्हा पुढे सरकल्या, तेव्हा त्याने हात वर केला.

"थांबा," तो म्हणाला. "तिला येऊ द्या."

सगळे थांबले. टोबने टोपी काढली. मी तिथेच पालथा होतो, आणि मला बोलते करणारे हात माझ्याखालच्या मातीत होते.

मित्रांनो, जुन्या टबांची काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. टब पुष्कळ मिळतात. पण तुमच्या पाठीशी उभे राहून जे तुम्हाला सांभाळून घेतात, त्यांना कुणी बाहेर बसवू लागले, तर दार उघडे आहे तोवर बोला. तुमचे कुणी ऐकणार नाही, हे ठाऊक असले तरी बोला. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला तेवढेच ऐकायचे असते.