कानातल्या बिल्ल्याची मालकीण

मी म्हैस बोलतेय. पडेगावात, दौलताबाद रोडपासून जरा आत, कारभारींच्या गोठ्यात असते ती. म्हशी बोलत नाहीत असं वाटत असेल, तर तुम्ही कधी धार काढलेली दिसत नाही.

जन्म माझा सिल्लोडकडचा. कारभारींच्या सुनेचं, दीपमालेचं, लग्न झालं तेव्हा तिच्या आईनं, कडूबाईनं, मला तिच्याबरोबर धाडलं. ती नवी नवरी, मी एवढीशी वगार. दोघींनाही इथलं पाणी गोड लागेना. ती माझ्या गळ्यात हात टाकून रडायची आणि मी तिचा पदर चघळायचे. असं आमचं जमलं.

तिचा नवरा कृष्णा वाळूजला कंपनीत, शिफ्टवर. त्यामुळं शेण काढणं, वैरण टाकणं, धार काढणं, सगळं तिच्याच अंगावर. पाहुणे आले की मात्र सासरे, म्हणजे कारभारी, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "आपली म्हैस! एक नंबर!" मला ती थाप मुळीच आवडायची नाही.

मागल्या वर्षी सरकारनं आमच्या भागात जनावरांच्या नोंदी ब्लॉकचेनवर घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी जनावरांच्या डॉक्टर कालिंदीताई पेटी घेऊन दारात आल्या. कारभारी लग्नाला गेले होते, कृष्णा ड्युटीवर.

"घरातलं कर्तं माणूस कुठंय?" त्यांनी विचारलं.

"लग्नाला गेलंय. मी हाय ना," दीपमाला म्हणाली.

"म्हशीचं कोण करतं?"

"मीच की."

"मग तुझंच नाव लावते. मोबाईल नंबर सांग."

आणि कचकन माझा कान टोचला! अशी लाथ झाडली मी, की बाईंची पेटी उकिरड्यात. पण बिल्ला बसला तो बसलाच. कारभारींनी परत आल्यावर तो पाहिला, "छान दिसतोय" म्हणाले आणि नाव कुणाचं लागलं हे विचारलंसुद्धा नाही. आपल्या घरात आपलं सोडून दुसऱ्याचं नाव असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पुढं मी गाभण राहिले. गाभण म्हशीला भाव बरा येतो. धाकट्या पोराला मोटारसायकल घ्यायचं कारभारींच्या मनात होतंच. एका सकाळी "डॉक्टरला दाखवून आणतो" म्हणून त्यांनी माझं दावं सोडलं. दीपमालेनं बिचारीनं मला पेंडही चारली. डॉक्टर कसला! मला थेट जनावरांच्या बाजारात उभं केलं.

शिवराज नावाच्या गिऱ्हाइकाशी सौदा ठरला. त्यानं मोबाईलवर माझ्या बिल्ल्याचा नंबर टाकला आणि थांबला.

"मालकाच्या जागी दीपमाला लिहिलंय. कोण ही?"

"सून हाय माझी. तिचं आन् माझं काय येगळं हाय व्हय?"

"तसं नाय बाबा. पण म्हैस माझ्या नावावर लागायला तिच्या मोबाईलवर आलेला आकडा पायजे. लावा फोन."

चार माणसं जमली. कारभारींनी घसा खाकरून स्पीकरवर फोन लावला. "सूनबाई, एक आकडा आला आसंल बघ. सांग बरं."

"आलाय, मामा." मग ती थांबली. "म्हैस बाजारात नेली व्हय? मला तर डॉक्टरकडं म्हणला व्हता."

"आगं, आकडा सांग आधी!"

"नाय सांगत." फोन बंद.

बाजार खदाखदा हसला. खरं सांगू? मीही आनंदानं रेकले.

कारभारी मला ओढत तडक कालिंदीताईंच्या दवाखान्यात. "म्याडम, नाव चुकलंय. खोडून माझं टाका."

"खोडता येत नाही, काका. ही ब्लॉकचेनवरची नोंद एका ऑफिसातल्या वहीत नसते, ठिकठिकाणच्या कॉम्प्युटरांत एकसारखी असते. मागचं पुसता येत नाही. पुढं नवं नाव जोडता येतं, पण त्याला दीपमालेची संमती लागेल."

"आवो, वरच्या सायबाला फोन लावतो!"

"लावा. त्यांनाही पुसता येत नाही."

आम्ही चालत घरी आलो. दीपमाला गोठ्याच्या दारात उभी होती, तोंड उतरलेलं. आता घरात काय वादळ उठतंय याची तिला धास्ती होती. पण दावं तिनं सासऱ्यांच्या हातातून काढून घेतलं.

दोन दिवस कारभारी तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "चार लोकांत माझी लाज काढलीस. दिला आसता आकडा, तर काय बिघडलं आसतं?"

"सकाळी इचारलं आसतं, तर दिलाबी आसता, मामा," ती म्हणाली. "आजवर ह्या घरात मला कुणी काय इचारलंच नाय."

 मला मात्र, खोटं कशाला बोलू, लागलंच. दिलाबी असता म्हणे! पण तिचं बरोबर होतं, हे माझ्यासारख्या म्हशीलाही कळलं.

आता मी व्यायला आलेय. गोठा तोच, शेणही तीच काढते. परवा मात्र कारभारी दाराशी येऊन म्हणाले, "दीपमाला, पारडू झालं की ठेवायचं का इकायचं?" "ठेवायचं, मामा," ती म्हणाली आणि माझी पाठ खाजवत राहिली.

तुमच्याही दारात बिल्लेवाले येतील. तेव्हा कर्त्या माणसाची वाट बघू नका. शेण कुणाच्या हाताला लागलंय ते बघा आणि त्या माणसाचं नाव सांगा. नंतर पुसता येत नाही म्हणतात, तर पहिल्यांदाच खरं लिहा की!