पाण्याला जागा

दिनांक १७ ऑगस्ट १९८८, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटे. टेकडीवर माणसे अकरा.

त्यांपैकी नऊ जण खेमाच्या पाड्यावरचे, खुद्द खेमा धरून. तापीवरच्या धरणाच्या फुगवट्याखाली पाडा गेला होता आणि घरांचे लाकूड उतरवून ते टेकडीवर थांबले होते. दहावा पितांबर, त्यांना आणायला आलेल्या लाँचचा चालक. अकरावा मी. जळगावच्या तंत्रशाळेत एकतीस वर्षे यंत्रकाम शिकवून निवृत्त झाल्यावर मी धुळ्यात लहानसे वर्कशॉप घातले होते. या लाँचच्या इंजिनाला थंड ठेवणारा पाण्याचा पंप चार दिवसांपूर्वी मीच दुरुस्त केला होता. तो नीट चालतो की नाही, हे पाहायला सोबत आलो होतो.

सगळे बसले, पितांबरने इंजिन सुरू केले आणि दोर सोडण्याआधीच जळक्या रबराचा वास आला.

"नाना, पट्टा जळी राह्यना," पंप फिरवणाऱ्या पट्ट्याकडे बोट करत पितांबर म्हणाला.

इंजिन बंद करून मी पंपाच्या दांड्याला हात घातला. तो तसूभरही फिरेना.

या दांड्याला आधार देणारी नळी म्हणजे बुश. पूर्वीचा बुश काशाचा होता; गाळाच्या पाण्याने तो तीन महिन्यांत झिजला. म्हणून मी नायलॉन निवडले, कारण गाळाचे कण त्याला फारसे कापत नाहीत. निवड योग्य होती. चूक पुढे झाली. दांडा आणि बुश यांच्यामधली फट मी काशाच्या बुशसाठी असलेल्या तक्त्यावरून घेतली, केसाएवढी. वर्कशॉपमध्ये दांडा फिरताना जराही हलत नव्हता, याचे मला समाधान वाटले होते. शिकवत असताना हलणाऱ्या दांड्याचे मी निम्मे गुण कापत असे.

पंप उघडला. नायलॉन फुगून दांड्याला आवळून बसले होते आणि आता घर्षणाने वितळून चिकटलेही होते. ते तासून काढण्यात दीड तास गेला. हाती पांढरा चुरा उरला.

तो पाहून खेमा म्हणाला, "मास्तर, तुमनं पांढरं लाकूड पानी पी गयं."

वर्गात हेच वाक्य मी पुस्तकी मराठीत कित्येकदा सांगितले होते.

खेमाने पाण्याच्या काठाशी एक काडी रोवली होती. तासाला पाणी चार बोटे चढत होते आणि टेकडीचा माथा पाण्यापासून जेमतेम दीड हात वर होता. अंधार पडेपर्यंत उभे राहायला जागा उरणार नव्हती. लाँच रेटायच्या बांबूला तळ लागत नव्हता. नुसता दोर सोडला असता तर वाऱ्याने लाँच बुडालेल्या सागांच्या शेंड्यांवर जाऊन तिचा पत्रा फाटला असता. दुसऱ्या लाँचची फेरी दोन दिवसांनी होती. या नऊ जणांना नेणारे यंत्र माझ्याच हाताने अडले होते.

मी टेकडीवर काय काय आहे ते पाहिले. जाळ्याला बांधलेले शिसे होते. ते ओतायला सोपे, पण गाळ त्यात रुतून बसला असता आणि दांडा खरवडला गेला असता. ॲल्युमिनियमची ताटे होती. तो धातू लोखंडावर कोरडा घासला की धरून बसतो. राहिले लाकूड. साग मऊ. मग खेमाच्या बायकोच्या, दगडीबाईच्या, सामानात मुसळ दिसले. धावड्याच्या लाकडाचे, बारा वर्षे वापरलेले, दगडासारखे.

"ते माले लागस," ती म्हणाली.

"बाई, याचा वीतभर तुकडा हवा. आणि ते डब्यातले मोहाचे तेल."

"वरीसनं तेल शे ते. त्यामां यंत्र तळशात का?"

"हो. तळायचेच आहे."

ती हसली नाही. तिने काडीकडे पाहिले आणि डबा पुढे सरकवला.

पितांबरने तुकडा कापला. खेमाने सळई लाल करून आरपार भोक पाडले, बासरीला पाडतात तसे. तुकडा तेलात उकळत ठेवला. आधी लाकडातले पाणी बुडबुड्यांनी बाहेर पडले. बुडबुडे थांबल्यावर तेल आत शिरू लागले. एवढ्यात काडी बुडाली आणि खेमाने दुसरी रोवली. मुलांना आधीच लाँचमध्ये बसवले होते.

तेलातून काढलेला तुकडा मी तासभर पाण्यात ठेवला. चार दिवसांपूर्वी नेमके हेच केले नव्हते. पितांबरला तो तास सोसवत नव्हता.

"नाना, आते तरी बसाडा."

"नाही. जेवढे प्यायचे तेवढे त्याला आधी पिऊ दे."

खेमा शेजारी टेकला. उतरवलेल्या चौकटीचा सांधा त्याने मला दाखवला. त्यात बोटाच्या नखाएवढी फट होती.

"पानीले जागा ठेवनी पडस, मास्तर. नही ते दार उघडत नही."

मग मी कानशीने बाहेरचा गोल घासला आणि पॉलिश पेपरने भोक वाढवत गेलो. वहीच्या कागदाच्या तीन घड्या दांडा आणि बुश यांच्यामधून सरकल्या, तेव्हा थांबलो. बुश पंपात ठोकून बसवला. पितांबरने दांडा धरून पाहिला.

"नाना, हलस हाऊ."

"हलू दे."

दोन वाजून पन्नास मिनिटांनी इंजिन सुरू केले. मी पंपावर तळहात ठेवून बसलो. पंप खडखडत होता. इतका ढिला आवाज माझ्या हातून कधी निघाला नव्हता. पण बाजूच्या नळीतून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार पडू लागली आणि ती तुटली नाही. पितांबरने दोर सोडला. निम्म्या वेगाने चाललो. मागे खेमाने रोवलेली तिसरी काडी बुडताना दिसली. सगळे त्या धारेकडे पाहत होते. दगडीबाई आखूड झालेले मुसळ मांडीवर धरून बसली होती.

तीन वाजून पस्तीस मिनिटे. काठावर उतरलेली माणसे : अकरा.