तीन हिरवे सोमवार

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पदवीला बसले. त्याआधी अकरा वर्षं थॉर्नसीच्या कॉपर लेन शाळेत पोरांना जेवण वाढत होते. आठवड्यातले चार दिवस कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, इमारत विभागात काम आणि बुधवारी विद्यापीठ, असं चार वर्षं चाललं. पगार चालू राहतो आणि शेवटी प्रोजेक्ट मॅनेजरची पदवी मिळते. वर्गातली बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. ती मला 'मम', म्हणजे आई, म्हणायची आणि माझ्या डब्यातलं खायची. मला राग यायचा, तरी डबा मी मोठाच नेत होते.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक काम स्वतः पार पाडायचं असतं. त्याची फाइल बाहेरचा परीक्षक वाचतो, तासभर प्रश्न विचारतो आणि निकाल देतो. पास झाले तर माझी नोकरी कायम होणार होती. नापास झाले तर पुन्हा हातात डाव घ्यायचा होता, आणि शाळेतली माझी जागा तर आता दुसरीला मिळालेली.

माझ्या वाट्याला नेमकं कॉपर लेनचंच स्वयंपाकघर आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जुनं सगळं उखडायचं, नवं बसवायचं आणि चार सप्टेंबरला शाळा उघडताच दोनशे बारा पोरांना गरम जेवण मिळायला हवं. तिथली मुख्य स्वयंपाकीण डोरीन. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, आणि तिच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढलेली. ती मला म्हणाली, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. दुसरं कोणी असतं तर रोज येऊन बसले असते."

दर सोमवारी वरिष्ठांना एका पानाचा अहवाल जातो. त्यावर एक रंगीत चौकोन असतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे अडलं. पहिल्याच वर्षी आमच्या बाईंनी सांगितलं होतं, "वरून हिरवं आणि आत लाल, अशा कामाला आम्ही कलिंगड म्हणतो." वर्ग हसला होता. सगळ्यात मोठ्यानं मी हसले होते.

तेरा जुलैला, गुरुवारी, पंखेवाल्याचा फोन आला. चुलींवरचा धूर ओढणारा मोठा पंखा सप्टेंबरच्या शेवटाशिवाय मिळणार नव्हता. तो पंखा फिरल्याशिवाय गॅस सुरूच होत नाही, तसा नियम आहे. मी माझ्या साहेबाकडे गेले. एलियट एकतीस वर्षांचा, स्वभावानं वाईट नाही, पण वरच्यांच्या भुवईचा केस हलला तरी ह्याला घाम फुटतो.

"फोनच आलाय ना? पत्र नाही ना?" तो म्हणाला.

"पत्र नाही."

"मग लाल कशाला करतेस? अजून काही घडलेलं नाही. झाकली मूठ राहू दे. तुझी परीक्षा तोंडावर आहे, जनीन. लाल चौकोनाची फाइल घेऊन जाणार आहेस का तिथे?"

सगळा दोष मी त्याच्या माथी मारत नाही. रंग भरणारा हात माझा होता. पुढच्या सोमवारी मी हिरवा भरला. त्याच्या पुढच्याही सोमवारी हिरवाच.

अठ्ठावीस जुलैला डोरीनचा फोन आला. काही अडलंच तर म्हणून तिनं भाड्याचं फिरतं स्वयंपाकघर अडवून ठेवलं होतं. उन्हाळ्यात सगळ्याच शाळांची कामं निघतात, त्यामुळे ती गाडी हवी की नको ते त्याच दिवशी कळवायचं होतं.

"चार सप्टेंबरला चुली पेटतील ना गं? की ठेवू गाडी?"

"पेटतील," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. फोन ठेवला. पुन्हा फोन करायला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही. तिसरा सोमवारही हिरवा गेला.

चार ऑगस्टला पंखेवाल्याचं पत्र आलं. सात तारखेच्या सोमवारी मी चौकोन लाल केला. तोवर गाडी दुसऱ्या गावी गेली होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

शाळा उघडली तेव्हा मी वाढायला गेले, तेवढं तरी करावं म्हणून. दोनशे बारा चीजची सँडविचं. पहिलीतल्या एका मुलीनं तिचं उघडून पाहिलं आणि डोरीनला विचारलं, "गरम नंतर येणार का?" काही पोरांना दिवसातलं गरम जेवण एवढंच मिळतं, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. डोरीन माझ्याकडे न बघता म्हणाली, "महिनाअखेरीला, राणी." पंखा बसला बावीस सप्टेंबरला.

फाइलला, ज्याच्यासाठी काम केलं त्याच्या सहीचं एक पत्र लागतं. डोरीनपुढे कोरा कागद ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चष्मा लावला, दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. 'जनीननं मला सांगितलं की चार तारखेला चुली पेटतील. मी तिच्यावर विश्वास ठेवला.' खाली सही.

एलियट म्हणाला, "हे जोडू नकोस. मुख्याध्यापकांचं घे, ते छान लिहितात. कागदोपत्री तू निर्दोष आहेस. शुक्रवारी पत्र आलं, सोमवारी तू लाल केलंस." त्याचं खरं होतं. मुख्याध्यापकांनी छानच लिहिलं असतं. मी डोरीनचा कागद जोडला.

परीक्षक प्रॉथेरो म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी त्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या.

"तुम्ही त्यांना असं सांगितलंत तेव्हा पंख्याचं माहीत होतं?"

"हो. पंधरा दिवसांपासून."

"मग तसं का सांगितलंत?"

"आज इथे पास व्हायचं होतं म्हणून."

त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. उरलेला तास त्यांनी मला फक्त त्या तीन सोमवारांबद्दलच विचारलं. बाहेर आले तेव्हा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

निकाल नोव्हेंबरात आला. पास. विशेष श्रेणी नाही, नुसती पास. आमच्याकडे ज्याचं चांगलं होतं त्यानंच केक आणायचा असतो. तो मी ऑफिसात ठेवला आणि दुपारी कॉपर लेनला गेले. पंखा घरघरत होता, भांड्यांना वाफ होती.

"झालीस म्हणे पास," डोरीन कस्टर्ड ढवळत म्हणाली. "बरं झालं. पण त्या कागदावर तिसरी ओळ मी अजून लिहिलेली नाही."

"माहीत आहे. डोरीन, तुझं भांडी धुवायचं नवं मशीन बसवायचं काम माझ्याकडेच आलंय. मशीन ईस्टरला येणार नाही. तीन आठवडे उशीर आहे. अर्ध्या तासापूर्वी कळलं."

"एलियटला सांगितलंस?"

"अजून नाही. आता जाऊन सांगते."

तिनं डाव ठेवला, हात पुसले आणि फ्रीजवरच्या पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर ईस्टरच्या पुढच्या तीन आठवड्यांवर लाल पेननं रेघ ओढली. मग एक ताटली घेतली.

"बस," ती म्हणाली. "गरम आहे तोवर खा."