बुधवारची ओळ

"आई, एक सांगू? या वहीत इतकं खरं लिहू नका."

माझ्या मुलीला वजनकाट्यावर उभं करता करता दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, तेही माझ्याकडे न बघता. मी हसले. मी संख्याशास्त्राची पदवीधर. रकाने आखून तारीख, वेळ, सेकंद, सगळं टिपून आणलं होतं. मला वाटलं, बाईंना नोंदींचं महत्त्व कळत नाही.

"खोटं लिहिलं तर डॉक्टरांना कळणार कसं?"

"डॉक्टरांना कळतंच हो. कायद्याला कळत नाही." मग मुलीला म्हणाल्या, "उतरा ढमाबाई, दमला बिचारा काटा."

माझी साडेचार वर्षांची लेक काडीसारखी होती. या नावावर ती खूश असायची.

ती बोलता बोलता मध्येच थांबायची. चमचा हातात तसाच, नजर समोर, पापण्या फडफडताहेत. पंधरा-वीस सेकंद. मग वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू. आधी आम्हाला वाटलं, नाटकं करते. मग एकदा जिना उतरताना ती अशीच थांबली आणि पुढे कलंडली. फ्रॉकचं टोक माझ्या मुठीत होतं म्हणून वाचली. त्यानंतर डॉक्टरांनी हे झटके टिपायला ही वही दिली होती.

आता त्यांनी ती उघडली. "दोन, दोन, तीन, दोन," ते पुटपुटले आणि त्यांचा चेहरा उतरला. नियम त्यांना पाठ होता. लहान मुलाला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायचं तर आठवड्याला किमान तीन झटके हवेत, सलग चार आठवडे. आणि प्रत्येक नोंद पालकांनी स्वतः पाहिलेली, स्वतःच्या हातानं लिहिलेली.

"पण तुम्हाला काय वाटतं, डॉक्टर?"

"मला वाटतं, हिला कालच पाठवायला हवं होतं."

"मग पाठवा ना!"

त्यांनी खणातून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. "गेल्या वर्षी दोन पोरं अशीच वाटलं म्हणून पाठवली. दोन नोटिसा आल्या. तिसरी आली की वर्षभर परवाना बंद. या भागात माझ्याशिवाय आहे कोण, सांगा."

"आणि नाही पाठवलं, आणि हिला काही झालं तर?"

त्यांनी कागद पुन्हा खणात ठेवले. "न पाठवल्याबद्दल आजवर कुणाला नोटीस आलेली नाही."

गोळ्यासुद्धा मेंदूच्या डॉक्टरांनीच सुरू करायच्या होत्या. आंघोळीला एकटी सोडू नका, जिन्यात हात सोडू नका, चार आठवड्यांनी नवी नोंद घेऊन या. एवढंच ते देऊ शकत होते.

मी मुलीवर डोळे लावून बसले. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, रस्त्यानं चालताना मान तिच्याकडेच. दुसऱ्या आठवड्याच्या रविवारी दुपारपर्यंत दोनच झटके झाले होते. आठवडा त्या रात्री संपणार होता. मुलगी जमिनीवर ठोकळे रचत होती आणि मी वही मांडीवर घेऊन समोर बसले होते. मूल दमलं की झटके वाढतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्या दुपारी मी तिला झोपूच दिलं नाही. नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं.

"अगं, झोपव की तिला. डोळे चोळतेय बघ."

"खेळू दे जरा."

"आणि तू अशी काय बघतेस तिच्याकडे? उंदराच्या बिळापाशी मांजर बसतं तशी."

मुलीनं हातातला ठोकळा खाली ठेवला. माझ्या वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, आता करू का मी?"

"काय गं?"

"ते तू लिहितेस ना, ते."

मी वही मिटली. तिला उचलून आत नेलं आणि तिच्याशेजारी आडवी झाले. ती लगेच झोपली. रात्री मी त्या आठवड्यासमोर दोनचा आकडा लिहिला.

चार आठवडे भरले तेव्हा वहीत तीन, दोन, तीन, तीन असं होतं. शिक्का मारायला सिस्टरनी वही घेतली आणि पानं चाळली.

"दुसऱ्या आठवड्यात दोनच?"

"दोनच झाले, सिस्टर."

"हं," म्हणून त्या आत गेल्या. मी बाहेर बाकावर बसून राहिले.

हाक आली तेव्हा वही डॉक्टरांसमोर उघडी होती. दुसऱ्या आठवड्यात एक ओळ वाढली होती. माझं अक्षर उजवीकडे झुकतं, हे ताठ उभं होतं. 'बुधवार, सकाळी अकरा दहा, उभी असताना, अठरा सेकंद.' डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. सिस्टर खिडकीपाशी ट्रेमधल्या कात्र्या एका रांगेत लावत होत्या. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळाच्या चिठ्ठीवर सही केली.

मोठ्या इस्पितळात मुलीच्या डोक्याला वायरी लावल्या. मेंदूच्या डॉक्टर म्हणजे एक चटपटीत बाई होत्या. अर्ध्या तासानं कागदावरच्या रेघा दाखवत त्या म्हणाल्या, "आठवड्याला दोन-तीन म्हणताय? हिला इथे अर्ध्या तासात सहा झटके आले. दिवसाला शंभर होत असतील. बरेचसे इतके छोटे, की समोर बसलेल्यालाही कळत नाहीत."

माझे रकाने, माझे सेकंद!

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात मुलगी गोष्टी सलग सांगायला लागली, आणि आम्ही त्या कंटाळा न करता ऐकायला लागलो.

मग चौकशीचं पत्र आलं. वह्यांच्या तपासणीत माझ्या वहीतल्या एका ओळीचं अक्षर वेगळं आढळलं होतं. दवाखान्याच्याच वरच्या खोलीत एक अधिकारी बसले होते. माणूस सौम्य होता, मला आधी पाणी विचारलं. मग वही पुढे सरकवून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ तुमच्या हातची आहे? सावकाश सांगा. खरं सांगितलंत तर मुलीच्या उपचारांना धक्का लागणार नाही. खोटं निघालं तर मात्र प्रकरण पहिल्यापासून सुरू होईल, आणि तोवर गोळ्या बंद."

डॉक्टर भिंतीशी उभे होते, सिस्टर दारात. मला त्या क्षणी फक्त जिना दिसत होता आणि फ्रॉकचं टोक.

"नाही," मी म्हणाले. "माझी नाही."

डॉक्टर म्हणाले, "अक्षर वेगळं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही." हे ते जमिनीकडे बघून म्हणाले.

"ओळ माझी आहे," सिस्टर म्हणाल्या. "त्या बुधवारी या बाई वहीची जादा पानं मागायला आल्या होत्या. पोर माझ्या टेबलापाशी उभी होती. मी घड्याळ लावून बघितलंय, साहेब."

"पण नोंद पालकांनी पाहिलेल्या झटक्याचीच हवी."

"पालक मान खाली घालून लिहीत होत्या ना. तुमचाच फॉर्म, पानं मिळवण्याचा. दोन पानी."

मी गेले होते, हे खरं आहे. फॉर्म भरला होता, हेही खरं. पुढचं मला माहीत नाही, कारण मी बघत नव्हते. दिवसाला शंभर झटके लिहिलेला अहवाल माझ्या पर्समध्ये होता. तो काढून टेबलावर ठेवायला किती वेळ लागला असता? पण पुन्हा काही उकरलं जाईल, गोळ्या थांबतील, या भीतीनं मी पर्स पोटाशी धरून बसले.

सव्वीस वर्षांची नोकरी. निवृत्तीला अकरा महिने बाकी होते. सिस्टरांची नोंदणीच रद्द झाली. डॉक्टरांना तिसरी नोटीस आली नाही. ते अजून तिथेच बसतात. आता कुणाचीही वही आली की ते आधी अक्षर तपासतात, मग आजार.

मी सिस्टरांच्या घरी गेले. पहिल्यांदा त्यांनी दार हातभर उघडलं. "ढमाबाई कशी आहे?" एवढंच विचारलं. बरी आहे म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. नंतर दोनदा गेले. बेल वाजवली की आतला रेडिओ बारीक व्हायचा आणि पावलं दारापर्यंत यायचीच नाहीत. या मंगळवारी रेडिओही नव्हता. शेजारीण म्हणाली, "गेल्या असतील हो कुठेतरी." पण त्यांच्या चपला दारातच होत्या, आणि त्यांच्या एकाच जोडीवरून दवाखान्यात सगळे त्यांना चिडवायचे.

मला त्या दार उघडणार नाहीत. तुम्ही तिकडून जात असाल तर बघा ना जरा. दवाखान्याच्या मागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर पहिला मजला, डावीकडचं दार. माझा विषय काढू नका. रक्तदाब बघून द्या म्हणा, बाळाला ताप आहे म्हणा. त्या उठतील. नाही उठल्या, तर तिथून हलू नका.