मंगळवारी नेसलेला किल्ट

मित्रांनो, मी एक जुना किल्ट आहे, स्कॉटलंडचे पुरुष नेसतात तो चुण्यांचा लोकरी घागरा, आणि रोज सकाळी मला धास्ती वाटते. कपाटाचे दार करकरते, एक हात आत येतो आणि तो माझ्याकडे वळतो की शेजारच्या तपकिरी पॅंटकडे, यावर माझा सगळा दिवस ठरतो. पॅंट निवांत असते. तिला रस्त्यात थांबवून "आज काय विशेष?" असे कोणी विचारत नाही.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथचा, समुद्रकाठचा. आठ वार लोकरी कापड, म्हणजे लुगड्याला एक वार कमी. हिरव्या-निळ्या चौकड्या आणि त्यांतून जाणारी एक पिवळी रेघ. इशबेल नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने मला हाताने शिवले. पुढे सपाट पदर, मागे सत्तावीस चुण्या आणि प्रत्येक चुणीवर पिवळी रेघ नेमकी मधोमध. शेवटी चुण्या हलू नयेत म्हणून तिने खालच्या अंगाला पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घातले. हे टाके नेसणाऱ्याने घरी नेऊन उसवायचे असतात.

माझे गिऱ्हाईक होता मरडो, बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करणारा तरुण. आतेभावाच्या लग्नात तो मला नेसून गेला आणि टाके न काढताच नाचायला उतरला. ही चूक आमच्याकडे इतकी ठरलेली आहे की म्हाताऱ्या बायका लग्नात आधी नवख्या पोरांच्या पाठी बघतात. सगळे तोंडावर हात ठेवून हसत होते आणि या बावळटाला वाटत होते, आपल्या नाचाला दाद मिळते आहे. तेवढ्यात पाहुण्यांतून इशबेल उठली. तिने पर्समधून इवलीशी कात्री काढली आणि भर नाचात त्याच्यामागे गुडघ्यांवर बसली.

"हलू नकोस," ती म्हणाली. "माझ्या कामाचं हसं करतोयस तू."

दोन वर्षांनी त्यांच्या लग्नात तो पुन्हा मलाच नेसला. त्या दिवशी मी किती ऐटीत होतो, काय सांगू!

पण त्यानंतर माझे दिवस कपाटात गेले. कोणाचे लग्न, कोणाची अंत्ययात्रा, नव्या वर्षाची मेजवानी, एवढ्यापुरते मला बाहेर काढत. लोक म्हणत, "वा, काय रुबाब!" आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अंधारात. एका वर्षी कमरेपाशी कसर लागली. आपण हळूहळू खाल्ले जातो आहोत हे कळावे आणि ओरडता येऊ नये, याहून वाईट काही नाही.

मग इशबेलचे डोळे बिघडले. समोरचे माणूस मधोमध पुसल्यासारखे दिसे आणि कडेकडेचे तेवढे नीट दिसे. डॉक्टर म्हणाले, आहे तेही राहणार नाही. ती गिऱ्हाइकांना नाही म्हणू लागली. "ज्या दिवशी माझा टाका चुकेल, त्या दिवशी सुई समुद्रात टाकीन," असे ती सारखे म्हणे आणि मरडो विषय बदली.

एकदा खिडकीशी बसून ती म्हणाली, "चाळीस वर्षं किल्ट शिवले रे मी. सगळे शनिवारी लग्नाला जातात आणि रविवारी कपाटात. साध्या मंगळवारी रस्त्यानं चाललेला एक तरी बघायचा होता. डोळे जायच्या आत."

 पुढच्या मंगळवारी मरडोचा हात माझ्याकडे वळला.

कोपऱ्यावर टॅमची बेकरी आहे. टॅम मरडोचा शाळेपासूनचा मित्र. आम्हाला बघताच तो गल्ल्यामागून ओरडला, "काय रे, कुणाचं लग्न?"

"कुणाचंच नाही."

"अरेरे! मग कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, टॅम. पाव घ्यायला आलोय."

टॅमला ते काही पटेना. गावालाही पटले नाही. परगावच्या लोकांनी न विचारता फोटो काढले. बसमध्ये दोन मुली एकमेकींना कोपराने ढोसत राहिल्या. खरा स्कॉटिश माणूस किल्टच्या आत काही घालत नाही, असा एक जुना विनोद आहे; त्यावरून मोटारीतून एक जण ओरडला, "आजोबा, आत काय आहे?" मरडो म्हणाला, "थंडी!" तो हसून म्हणाला खरा, पण त्याची मूठ माझ्या पदरावर आवळलेली मला जाणवत होती. मित्रांनो, मी याच मातीतला. शनिवारी मला मान आणि मंगळवारी मी तमाशा, हे गणित मला आजही सुटलेले नाही.

पण घर जवळ आले की खिडकीत इशबेल दिसे. डोळ्यांच्या कडेने बघता यावे म्हणून मान वाकडी करून उभी असे. चुण्या डुलताना दिसल्या की ती एकटीच हसे. मग मंगळवारचा बुधवार झाला, गुरुवार झाला. मी रोज नेसला जाऊ लागलो आणि रोज धास्तावू लागलो.

आणि मग तो शनिवार आला. स्टेशनवरून आलेला बायकांचा एक घोळका बेकरीसमोरून चालला होता. एकीचे लग्न ठरले होते आणि बाकीच्या तिला घेऊन मौज करायला आल्या होत्या. "बघू तरी, खरा स्कॉटिश आहे का!" असे म्हणत एकीने मागून मला धरले आणि वर उचलले. मरडो दचकून वळला. तिने सोडले नाही. माझ्या दोन चुण्या कमरेपाशी टर्रकन उसवल्या. घोळका खिदळला. बेकरीच्या दारातून टॅम हसला. आणि मरडोसुद्धा हसला. ते हसणे मला उसवण्यापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी हात पॅंटकडे वळला. तिसऱ्या दिवशीही.

"पाऊस आहे," मरडो म्हणाला.

"मग?" इशबेल म्हणाली. "लोकर आहे ती, साखर नाही."

चौथ्या दिवशी तो बाहेर गेल्यावर तिने स्वतःच कपाट उघडले. तिची बोटे माझ्या चुण्यांवरून एकेक करत गेली. पंचविसावी, सव्विसावी. तिथे ती थांबली. मरडो आला तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो.

"हे काय?"

"बसच्या दारात अडकला."

"दार कापड फाडतं, मरडो. इथं शिवण उसवलीय. कुणीतरी ओढलंय."

मग त्याला सगळे सांगावेच लागले. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे गं. गंमत केली त्यांनी."

"गंमत?" तिचा आवाज चिरका झाला. "तिथं भर रस्त्यात माझा झगा कुणी उचलला असता, तर तू हसला असतास?"

मरडोने मान खाली घातली. "लाज वाटली मला," तो म्हणाला. "म्हणून हसलो."

इशबेलने सुई मागितली. दोरा त्याने ओवून दिला. दोन दिवस ती डोळे मिटून, बोटांनी शिवत होती. पिवळी रेघ तिला दिसत नव्हती. ती कापडाची वीण चाचपून मोजत होती. मला अंगभर भीती वाटत होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती, तिच्यासाठी होती. झाल्यावर तिने मला इस्त्री केली आणि म्हणाली, "उद्या मीही येते."

सकाळी मरडोने मला हातात घेतले आणि तो थबकला. रेघ नेमकी मधोमध होती. पण चुण्या हलू नयेत म्हणून तिने खालच्या अंगाला घातलेले पांढरे कच्चे टाके तसेच होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने नखाने एक टाका उचलला. मग काय वाटले कोण जाणे, त्याने तो सोडून दिला आणि मला नेसला. तिच्या हाताचे काही काढून टाकायला त्याचा हात धजला नसावा.

इशबेल त्याच्या दंडाला धरून चालत होती. माझा जीव त्या दोऱ्यात अडकला होता. बेकरीपाशी व्हायचे तेच झाले. टॅम ओरडला, "अरे बावळटा, टाके काढायचे राहिले की!"

इशबेल थांबली. तिचा हात माझ्या चुण्यांवर आला, खाली सरकला, आणि दोरा सापडला.  सुई समुद्रात जाणार, असे मला वाटले.

"टॅम," ती म्हणाली, "माझा एखादा टाका चुकलाय का बघ."

टॅम बाहेर आला, वाकला आणि त्याने नीट पाहिले. "नाही," तो हळूच म्हणाला. "एकही नाही."

"मग झालं तर. हे काढायचं काम नेसणाऱ्याचं. चाळीस वर्षांत सुधारला नाही हा." तिने पर्समधून ती इवलीशी कात्री काढली आणि भर रस्त्यात गुडघ्यांवर बसली. एकेक टाका बोटांनी शोधून तिने कापला. लोक थांबले होते. "टॅम, हा दोरा धर. त्या शनिवारी हसलास ना, आता धर."

टॅमने मुकाट्याने हात पुढे केला. पलीकडून कोणीतरी विचारले, "आज कुणाचं लग्न हो?"

"आमचंच," इशबेल म्हणाली. "आमचं रोजच असतं."

मित्रांनो, आता तिला खिडकीतून काही दिसत नाही. जिन्यात चुण्यांची सळसळ ऐकली की ती ओळखते. म्हणून सकाळी दार करकरले की माझा जीव अजूनही खालीवर होतो. माझे मागणे फार नाही. घरात माझ्यासारखे कोणी पडून असेल, तर कसर लागायच्या आत त्याला वारा दाखवा. आणि एखाद्या मंगळवारी मी रस्त्यात दिसलो, तर बघा, हवे तर हसा, कुणाचे लग्न आहे तेही विचारा. हात मात्र आपापल्या खिशात ठेवा.